रबर चिंचोक्यासारखं झालंय, तरी आधी इंजिनच उघडायचं का?

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका म्हणतात, म्हणून मजकूर थोडक्यात माझ्या शब्दांत देते.

घरी १५ वर्षं जुनी पेट्रोल व्हॅन आहे. यजमान शाळेची मुलं नेतात-आणतात, बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या बायकांना टोपल्यांसकट नेतात. वर्षभरापासून गाडी ऑईल खाते. सकाळी चालू केली की निळसर धूर येतो, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेनं ऑईल झिरपतं, एअर फिल्टर तेलकट होतो, उभ्या गाडीत इंजिन थरथरतं आणि सीटखालून शिट्टीसारखा आवाज येतो. गावचे मिस्त्री म्हणाले, रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या, इंजिन बांधावं, म्हणजे उघडून नव्यानं जुळवावं लागेल, २८ हजार लागतील. ताई बचत गटातून कर्ज काढायच्या बेतात आहेत. मुलगी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली, सीट उचलून खालचं इंजिन पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे रबर चिंचोक्यावानी कडक झालं. व्हॉल्व्हबी अडकला असन. इंजिन उघडाच्या आधी हे तरी बदलून पाहा." हे रबर म्हणजे इंजिनाची वाफ सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हभोवतीचं. त्याच्याभोवती दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच काळा सीलंट फासला होता. यजमानांचं म्हणणं असं, "एवढ्याशा रबरानं इंजिन सुधरते काय? अन् मिस्त्री माह्या लहानपणचा दोस्त हाय. पोट्टीच्या नादी लागून त्याले खोटं पाडू काय?" ताई विचारतात, कोणाचं ऐकू?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात मिस्त्रींचं मत आहे, मुलीचं आहे, यजमानांचं आहे. गाडी तपासून काय निघालं याची मात्र एक ओळ नाही, कारण अजून कोणी ती तपासलेलीच नाही. मिस्त्रींनी धूर पाहिला आणि रिंगा म्हणाले. मुलीनं रबर दाबून पाहिलं आणि व्हॉल्व्ह म्हणाली. दोघांपैकी एकाचं खरं असेल, किंवा दोघांचंही एकदम खरं असेल. "कोणाचं ऐकू" असं विचारलं की घरात दोन बाजू पडतात आणि गाडी तशीच उभी राहते. म्हणून तो प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. मुलीचा मान, मिस्त्रींची मैत्री, यजमानांचा शब्द, या सगळ्याकडे मी येणार आहे.

माझ्या वडिलांचं मूर्तिजापूरला गॅरेज होतं. शाळेतून आले की मी पाने पुसून द्यायची, नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत लावायची. इंजिनाला हात लावायला मात्र १६ वर्षांची होईपर्यंत थांबावं लागलं. त्यामुळे तुमच्या मुलीची बाजू घ्यावी असं मला पहिल्याच वाचनाला वाटलं, हे आधीच सांगून टाकते. पुढचं लिहिताना मी गाडीच्या बाजूनं लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी ती वस्तू काय काम करते ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो, आणि रिंगा अगदी नव्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेनं खाली, ऑईलच्या बाजूला निसटतोच. त्यात न जळालेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्ल तयार करणारे वायू असतात. त्याला बाहेर जायला वाट हवी. भाताच्या गंजावर झाकण घट्ट दाबून धरलं की पेज कडेनं उतू येते ना, तसंच इंजिनात होतं. आत दाब चढला की ऑईल जिथे फट मिळेल तिथून निघतं: टॅपेट कव्हरच्या वायसरमधून, पुढच्या-मागच्या ऑईल सीलमधून, डिपस्टिकच्या तोंडातून. आणि वाफ आतच राहिली तर ऑईलचा काळा चिखल होतो.

पूर्वीच्या गाड्यांना यासाठी एक उघडी नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी धावली की वाऱ्यानं वाफ ओढली जाई, गाडी उभी राहिली की ओढ संपली. तो सगळा घाण वायू हवेत जाई. अमेरिकेत लॉस एंजेलिसवर धुरकं दाटायला लागलं तेव्हा या वायूकडे लक्ष गेलं, आणि कॅलिफोर्नियात १९६१ सालच्या नव्या गाड्यांपासून ही वाफ परत इंजिनातच नेऊन जाळायची व्यवस्था आली. तुमच्या मुलीला जो पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह म्हणून शिकवला असेल, तो हाच.

आकारानं तो अंगठ्याएवढा असतो. आत एक छोटी दांडी आणि एक स्प्रिंग. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस न देता चालू असताना मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांची, ओढ जोरदार असते, तेव्हा दांडी ओढली जाऊन वाट अरुंद होते. रेस दिली की ओढ कमी होते आणि वाट मोठी होते, कारण तेव्हाच निसटणारा वायूही वाढलेला असतो. कधी मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका आला तर दांडी मागे बसून वाट बंद करते, म्हणजे ज्वाळा ऑईलपर्यंत जात नाही. दुसरीकडून, एअर फिल्टरकडून, एका नळीनं स्वच्छ हवा आत येत राहते. आणि ज्याला सगळे नुसतं "रबर" म्हणतात, ते ग्रोमेट टॅपेट कव्हरच्या भोकात हा व्हॉल्व्ह हवाबंद धरून ठेवतं. एवढंच त्याचं काम. पण ते बसलंय इंजिनाच्या माथ्यावर, तेही सीटखाली कोंडलेल्या इंजिनाच्या. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो. इंजिनाची ऊब आणि ऑईलची वाफ खाऊन रबर कडक होतं, आक्रसतं आणि शेवटी पापडासारखं तुटतं. १५ वर्षांत ते एकदाही बदललं नसेल तर त्यानं फार सोसलं म्हणायचं.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. एवढ्याशा रबरानं इंजिन सुधरते काय? या प्रश्नामागे एक समजूत दडली आहे की खर्च जेवढा मोठा, तेवढा इलाज खरा. आपण दवाखान्यातही असंच करतो, स्वस्त गोळी दिली की डॉक्टरवर विश्वास बसत नाही. पण वस्तूची किंमत आणि तिच्या बिघाडाचं नुकसान यांचा मेळ नसतो. मोटारपंपाच्या फुटव्हॉल्व्हमधलं चामडं केवढंसं असतं, आणि ते गेलं की विहिरीत पाणी असून शेत कोरडं राहतं. हे तुमच्या यजमानांना मी सांगायला नको.

तरी मुलीचंही सगळं मी मान्य करत नाही. तुमच्या गाडीची लक्षणं एका दिशेनं बोट दाखवत नाहीत. ऑईलनं ओला एअर फिल्टर आणि कडेनं झिरपणं म्हणजे आत दाब चढतोय. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असेल तर असं होतं, आणि रिंगा झिजून वायूच इतका निसटत असेल की चांगल्या व्हॉल्व्हलाही तो झेपत नाही, तरीही असंच होतं. उभ्या गाडीतली थरथर आणि शिट्टी वेगळं सांगतात, की कुठूनतरी नको ती हवा आत शिरतेय. फाटलेली नळी, फाटलेलं ग्रोमेट किंवा उघडा अडकलेला व्हॉल्व्ह. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह वाफेबरोबर ऑईलही ओढतो आणि ते जळून निळा धूर निघतो. आणि धूर जर फक्त सकाळी चालू करतानाच येत असेल, पुढे दिवसभर नसेल, तर मला तिसराच संशय आहे: हेडमधले, म्हणजे सिलिंडरवरच्या भागातले, व्हॉल्व्ह सील (हे व्हॉल्व्ह वेगळे). गाडी रात्रभर उभी असली की त्यांच्यातून ऑईलचे थेंब खाली उतरतात आणि सकाळी जळतात. रिंगांचा धूर सहसा चढावर, रेस दिल्यावर, भरल्या गाडीत जास्त दिसतो. तुमच्याकडे कोणता आहे, हे यजमान दोन दिवस आरशात पाहून सांगू शकतील.

आणि आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ते ग्रोमेट फाटकं असेल तर इंजिन स्लोवर असताना त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा एअर फिल्टरमधून आलेली नसते. तुमची गाडी पांदण रस्त्यानं जाते, काळ्या मातीची बारीक धूळ, जिनिंगजवळून जाताना सरकीची आणि कापसाची तंतू-धूळ, सगळं सीटखाली साचतं. ती धूळ ऑईलमध्ये गेली की ऑईल पॉलिश पेपरसारखं काम करतं, आणि झिजतात त्या रिंगा. म्हणजे मिस्त्रींच्या रिंगा आणि मुलीचं रबर ही दोन वेगळी निदानं असतीलच असं नाही. एकानं दुसरं घडवलं असेल. रिंगा खरंच गेल्या असतील, २८ हजार खर्चून इंजिन बांधलं, आणि तेच कडक रबर, तोच व्हॉल्व्ह परत वर बसवला, तर नव्या रिंगांच्याही वाट्याला तेच येणार.

म्हणून ताई, मिस्त्री बरोबर निघाले तरी व्हॉल्व्ह आणि रबर बदलायचंच आहे, मुलगी बरोबर निघाली तरी बदलायचंच आहे. ते आधी केलं तर पैसे वाया जात नाहीत, मिस्त्री खोटे पडत नाहीत, आणि इंजिनाचा निर्णय घ्यायला तुम्हाला थोडे दिवस मिळतात.

तपासणी कशी करायची ते सांगते. मुलीला येत असेलच, पण यजमानांनी शेजारी उभं राहून पाहावं अशी माझी इच्छा आहे. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल ठेवा, ओढणी-पदर-केस बांधून घ्या, पंख्याच्या पट्ट्यापासून हात लांब ठेवा. गाडी बंद जागेत असेल तर अंगणात काढा, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. इंजिन स्लोवर चालू ठेवून व्हॉल्व्ह रबरातून वर काढायचा, नळी जोडलेलीच ठेवायची, आणि व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडावर बोट धरायचं. बोट ओढल्यासारखं वाटलं आणि इंजिनाचा आवाज किंचित उतरला, तर वाट मोकळी आहे. काहीच ओढ नसेल तर व्हॉल्व्ह, नळी किंवा मॅनिफोल्डचं तोंड यांपैकी काहीतरी बुजलेलं आहे. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह सोडवायचा आणि कानाशी हलवायचा. आतली दांडी खुळखुळली पाहिजे. खुळखुळली नाही तर तो गेलाच. पण खुळखुळला म्हणजे चांगलाच, असं मात्र नाही. स्प्रिंग सैल झालेला व्हॉल्व्हही छान खुळखुळतो. गॅरेजात याच चुकीनं कितीतरी जुने व्हॉल्व्ह परत बसलेले मी पाहिले आहेत.

दुसरी परीक्षा कागदाची. सगळं परत जोडून इंजिन स्लोवर ठेवा, ऑईल भरायचं झाकण काढा, एअर फिल्टरकडून येणारी नळी चिमटीत दाबून धरा आणि त्या तोंडावर लग्नपत्रिकेएवढा जाड कागद ठेवा. पातळ किंवा लहान कागद नको, आत जाईल. मिनिटभरात कागद चिकटून बसला तर वाफ ओढली जातेय आणि आत दाब नाही. कागद उडायला लागला, भसभस वाफ आली, तर दाब आहे. तुमच्या गाडीत आज कागद उडेल असं मला वाटतं. नवा व्हॉल्व्ह, नवं रबर आणि साफ नळी बसवल्यावरही तो तसाच उडाला, तर मिस्त्रींचं म्हणणं मी गंभीरपणे घेईन.

मग तिसरी परीक्षा, जी इंजिन उघडण्याआधी कोणत्याही मिस्त्रीकडे मागायलाच हवी: प्रेशर मोजणं. प्लग काढून त्या जागी गेज लावतात, इंजिन फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घेतात. एखाद्याचा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून परत मोजतात. आकडा चढला तर रिंगा, कारण ऑईलनं ती फट थोडा वेळ भरली. नाही चढला तर बिघाड वर आहे, हेडच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये, आणि त्यासाठी पूर्ण इंजिन बांधायची गरज नसते. गावच्या गॅरेजात गेज नसेल तर तालुक्याला मिळेल. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता मैत्रीचं. यजमानांना वाटतं की विचारणं म्हणजे मिस्त्रींना खोटं पाडणं. माझ्या वडिलांना गिऱ्हाइकानं "कशावरून?" असं विचारलं की राग येत नसे, उलट ते हात पुसून समजावायला बसत. राग यायचा तो गिऱ्हाईक न विचारता दुसऱ्या गॅरेजात गेलं की. मिस्त्रींनी आजवर तुमची गाडी चालू ठेवली आहे, तो सीलंटही त्यांनी लावला तो रबर त्या दिवशी दुकानात मिळालं नसेल म्हणून, शाळेची फेरी चुकू नये म्हणून. त्यांना दोष न देता, यजमानांनी स्वतः जाऊन एवढंच म्हणावं: "भाऊ, इंजिन उघडाचं तर उघडूच. पण त्याच्या आधी प्रेशर पाहून घेऊ, अन् हे रबर अन् व्हॉल्व्ह तं कसंही बदलाचंच हाय. तुमच्या गॅरेजात, तुमच्यासमोर बदलू. पोरगी हात लावन, तुमी पाहा." यात कोण खोटं पडलं? मिस्त्रींचा अनुभव आणि मुलीचं शिक्षण एकाच बोनेटखाली आलं. तुमच्या गाडीत खरं म्हणजे एकाच सीटखाली.

मला वाटतं यजमानांची भीती वेगळीच आहे, आणि ती त्यांनी तुम्हाला बोलून दाखवली नसेल. मुलीनं काही उघडलं आणि उद्या गाडी शाळेच्या पोरांसकट रस्त्यात थांबली, तर गाव काय म्हणेल. ही भीती खोटी नाही. लेकराबाळांची गाडी आहे. म्हणून काम सुट्टीतच करा. आपल्या विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. आत्ता मे आहे. हे काम एका सकाळचं आहे. नंतर आठ-पंधरा दिवस गाडी नुसती बाजारात फिरवून पाहायला वेळ आहे. मुलीलाही सांगा की तिचं निदान चुकलं तर त्यात कमीपणा नाही. आणि बरोबर आलं, तर ते मिस्त्रींपुढे मिरवायचं नाही.

बदलण्याचं काम दिसायला सोपं, पण त्यात एक धोका आहे आणि तो आमच्या घरी घडलेला आहे. माझ्या भावानं जुन्या पेट्रोल जीपचं असंच कडक झालेलं ग्रोमेट स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलं. त्याचे चार तुकडे झाले, दोन हातात आले, दोन आत पडले. गाडी चालू करून पाहू म्हणाला. वडिलांनी चावीच काढून घेतली. ते तुकडे ऑईलबरोबर खाली जाऊन पंपाच्या जाळीवर बसले असते तर ऑईल चढलं नसतं, आणि मग इंजिन खरोखर बांधावं लागलं असतं. टॅपेट कव्हर काढावं लागलं, तुकडे वेचले, नवा वायसर टाकला. पाच मिनिटांच्या घाईपायी अख्खी दुपार गेली.

म्हणून मुलीला सांगा: आधी रबराभोवतीची धूळ ब्रशनं आणि फडक्यानं साफ कर, नाहीतर भोक उघडताच तीच आत जाईल. इंजिन कोमट असताना काम कर, गार रबर जास्त तडकतं, आणि गरम इंजिनावर हात भाजतो. मिस्त्रींचा सीलंट ब्लेडनं बाहेरच्या बाजूला सोलून काढ. व्हॉल्व्ह नळीला धरून ओढू नकोस, व्हॉल्व्हला धरून पिळत पिळत वर घे. ग्रोमेट निघत नसेल तर त्याची वरची कड नोज प्लायरनं धरून एका बाजूनं वर उचल. हत्याराच्या टोकाला ग्रीस लाव, म्हणजे तुकडा पडण्याऐवजी चिकटून येतो. सगळे तुकडे कागदावर मांडून वर्तुळ जुळव. जुळलं नाही, तर गाडी चालू करायची नाही, कव्हर काढायचं. वेळ लागला तरी चालेल.

नवं ग्रोमेट आधी कव्हरमध्ये बसवायचं, आतल्या कडेला बोटभर इंजिन ऑईल लावायचं आणि मग व्हॉल्व्ह पिळत आत ढकलायचा. हातानं, हातोडीनं नाही. सीलंट अजिबात नको. रबर बरोबर मापाचं असेल तर त्याला सीलंटची गरज नसते, आणि गरज भासली तर माप चुकलंय. नळी दाबून पाहा. पिचपिचीत झाली असेल किंवा भेगा असतील तर तीही बदला. इथे पाण्याची नळी किंवा सलाईनची नळी लावायचा मोह गावात होतो. ती ऑईलनं मऊ पडते आणि ओढीनं चिकटून बंद होते, म्हणजे नवा व्हॉल्व्ह लावूनही वाट बंदच. ऑईल-पेट्रोल सोसणारी नळीच घ्या, क्लिपसकट. आणि मॅनिफोल्डच्या ज्या तोंडात ती नळी जाते ते आतून काजळीनं बुजलेलं असतं, हे बहुतेकजण पाहतच नाहीत. इंजिन बंद असताना ते साफ करून घ्या.

दुकानात जाताना जुना व्हॉल्व्ह आणि जुन्या रबराचे तुकडे बरोबर न्या, गाडीचं मॉडेल आणि साल कागदावर लिहून न्या. "असाच दिसतो" म्हणून दुसऱ्या गाडीचा घेऊ नका. बाहेरून सारखे दिसणारे व्हॉल्व्ह आतून वेगळे असतात. कोणत्या इंजिनाला किती वाफ सोडायची हे आतल्या दांडीवर आणि स्प्रिंगवर ठरतं. दारव्ह्याला मिळाला नाही तर यवतमाळ किंवा अमरावतीहून मागवा, दोन दिवस थांबा. व्हॉल्व्ह आणि रबर मिळून जो खर्च येईल तो कर्जाच्या पहिल्या हप्त्याच्या व्याजाशी ताडून पाहा, मग तुम्हालाच कळेल. याच वेळी ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला, एअर फिल्टर तेलकट आहे तोही बदला. जुन्या ऑईलमध्ये धूळ आणि आम्ल आहे, ते आत ठेवून नवा व्हॉल्व्ह लावण्यात अर्थ नाही.

कर्जाचं म्हणाल तर बचत गटात अर्ज दिला असेल तर "पुढच्या बैठकीला सांगते" म्हणा. तोवर एक वही करा. काम झालं त्या दिवशीचे किलोमीटर लिहा, ऑईल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, आणि दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी, गार असताना, पातळी पाहून लिहा. किती किलोमीटरला किती ऑईल घातलं, हे चार रविवारांत कागदावर येईल. पातळी टिकली, फिल्टर कोरडा राहिला, थरथर गेली, तर २८ हजार घरातच राहिले. ऑईल थोडं कमी होतंय पण पूर्वीपेक्षा बरं आहे, तर वर्षभर तसंच चालवता येईल, आणि तूर-कापसाचे पैसे आल्यावर कर्जाशिवाय इंजिनाचं काम करता येईल. आणि प्रेशरचा आकडाही कमी, कागदही उडतोय, ऑईलही तितकंच जातंय, तर शाळा उघडण्याआधी इंजिन बांधा, आणि ते मिस्त्रींच्याच हातून बांधा. तेव्हा कर्ज काढण्यात चूक नाही. कशासाठी काढलं हे तुम्हाला माहीत असेल.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी, आजच करा. इंजिन सीटखाली आहे आणि त्या फटीतून निघणारी वाफ मुलं बसतात तिथेच येते. त्यात न जळालेलं पेट्रोल आणि थोडा कार्बन मोनॉक्साइडही असतो. काम होईपर्यंत गाडीच्या काचा बंद ठेवून कोणालाही नेऊ नका, आणि सीटखालच्या झाकणाचं रबर नीट बसतंय का पाहा. कोणा लेकराचं डोकं दुखतं, मळमळतं असं कानावर आलं असेल, तर गाडी त्याच दिवशी उभी करा.

हे पत्र वाचणाऱ्या आणखी कितीतरी घरांत गाड्या वेगळ्या असतील. डिझेल जीपला किंवा ट्रॅक्टरला अगदी असा व्हॉल्व्ह सहसा नसतो, कारण डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखी ओढ नसते. पण ब्रीदर, म्हणजे वाफ बाहेर सोडणारं तोंड, असतो, आणि तो चिखलानं किंवा कुंभारमाशीच्या घरानं बुजला तर ऑईल सीलमधूनच निघतं. मोटरसायकललाही ब्रीदरची नळी असते, ती वाकून दबली की गास्केटवर ऑईल दिसायला लागतं. विहिरीवरच्या कित्येक जुन्या डिझेल इंजिनांच्या बाजूला ब्रीदरमध्ये पत्र्याची पातळ झडप असते, ती अडकली की शाफ्टजवळून ऑईल ठिबकतं आणि आपण सीलवर सील बदलत बसतो. सील बदलण्याआधी, रिंगा काढण्याआधी, इंजिनाची वाफ जायची वाट मोकळी आहे का ते पाहायचं. सगळीकडे तपासणीचा क्रम हाच.

ताई, निघालेला जुना व्हॉल्व्ह आणि रबराचे तुकडे फेकू नका. एका डबीत घालून मुलीला आयटीआयला न्यायला द्या, वर्गात दाखवायला तिला उपयोगी पडतील. आणि कागद चिकटला की उडाला, तेवढं मला कळवा.